अठ्ठ्याहत्तर मेगाहर्ट्झवरचा उंचवटा

हिवरदऱ्याच्या सात वाड्यांनी पहिल्या आठवड्यात वेधशाळेच्या ट्रकमध्ये जे जमा केलं, त्याची मोजदाद शर्वाणीने स्वतः केली होती. मोबाइल सहाशे अकरा. टीव्ही दोनशे चार. मिक्सर एकशे सत्त्याऐंशी. एलईडी बल्ब दोन हजार नऊशे चाळीस, त्यांतले तीनेकशे आधीच उडालेले. पंपाचे ऑटो-स्टार्टर छप्पन्न. सेलवर चालणारी भिंतीवरची घड्याळं एकशे तीस. पेट्रोलच्या दुचाकी त्र्याण्णव. गॅसचे लायटर दोनशे अडुसष्ट. डास मारायच्या बॅटी एकोणचाळीस. बोलणारी बाहुली एक. यादी चौदा पानांची झाली आणि प्रत्येक पानाखाली तिने सही केली.

दीड वर्षानंतर दरीत आणखी एक वस्तू आली, शर्टाच्या बटणाएवढी. ती कुठल्याच पानावर चढली नाही, कारण ती शर्वाणीनेच बनवली होती.

लायटर कशाला काढून घेता, असं तेव्हा प्रत्येक वाडीत बायकांनी विचारलं होतं. शर्वाणी त्यांना सांगायची की लायटरची ठिणगी म्हणजे क्षणभराचं रेडिओ स्टेशन. ती सगळ्या लहरींवर एकदम ओरडते. माणसाच्या कानाला टिक्‌ ऐकू येतं, पण दरीच्या तळाशी पसरलेल्या दोन हजार अँटेनांना तो कानठळ्या बसवणारा आवाज असतो. मोटरसायकलच्या प्लगचं तेच, एलईडीच्या आतल्या चिमुकल्या सर्किटचं तेच. बायका ऐकून घ्यायच्या आणि काडेपेटी शोधायला लागायच्या.

अँटेनांना जे ऐकायचं होतं ते फार जुनं आणि फार क्षीण होतं. विश्वातला हायड्रोजन वायू एकवीस सेंटिमीटरच्या लहरीवर गुणगुणतो. पहिले तारे पेटले तेव्हा त्यांच्या उजेडाने या वायूचं वागणं बदललं आणि त्याने मागून येणाऱ्या प्रारणातला थोडासा भाग गिळला. त्या गिळण्याची खूण तेरा अब्ज वर्षांहून जास्त काळ प्रवास करते आहे. मधल्या काळात विश्व ताणलं गेलं, तशी ती लहरही अठरा पट ताणली गेली आणि जवळजवळ चार मीटरची झाली. म्हणजे अठ्ठ्याहत्तर मेगाहर्ट्झच्या आसपास, एफएम रेडिओच्या जरा खाली. तिथे आकाशाचा स्वतःचाच गोंगाट दोन हजार केल्विनचा, आणि त्यात शोधायचा तो एक दशांश केल्विनचा खड्डा. सगळीकडून डोंगरांनी वेढलेली ही वाटीसारखी दरी त्यासाठीच निवडली होती. दरीतल्या माणसांनी उपकरणं सोडायची, बदल्यात वेधशाळेने दवाखाना, शाळा आणि डिझेलची बस चालवायची, असा वीस वर्षांचा करार होता.

प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. हेमलता सोनटक्के एकसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांतली एकोणीस वर्षं त्या खड्ड्याच्या मागे होत्या. त्या म्हणायच्या, आपण आकाश आटवतो. एका क्षणाचं मोजमाप म्हणजे नुसता गढूळपणा. पण महिनोन्‌महिन्यांची मोजमापं एकावर एक रचली की जे योगायोगाचं असतं ते एकमेकांना खोडून नाहीसं होतं आणि जे कायम असतं ते तळाशी उरतं.

शर्वाणीचं काम त्या तळाशी आकाशाखेरीज दुसरं काही उरू न देण्याचं. करारात तिचा हुद्दा शांतता-अधिकारी असा होता आणि वाड्यांमध्ये तिला आवाजवाल्या मॅडम म्हणत. तिच्याकडे तांब्याच्या जाळीने मढवलेली एक डिझेल व्हॅन होती. व्हॅनमध्ये एक स्क्रीन होती. वेधशाळेचं तळघर सोडलं तर अख्ख्या दरीत तेवढी एकच.

आणि स्क्रीन नसलेली ही दरीच तिला सलायला लागली होती.

या नोकरीसाठी तिने अर्ज केला तेव्हा तिच्या मनात हायड्रोजनपेक्षा मुकुल जास्त होता. पुण्यातल्या दोन खोल्यांत त्यांच्याकडे दोघांत मिळून नऊ स्क्रीन होत्या. मुकुल लोकांच्या छोट्या चित्रफिती कापून-जोडून द्यायचा, दिवसाचे चौदा तास. लग्नानंतरची चार वर्षं शर्वाणी त्याच्या उजव्या गालाशी बोलत होती. स्वयंपाकघरातून तिने काही विचारलं तर तो उत्तर द्यायचा, पण ते उत्तर तीन प्रश्नांमागचं असायचं. तिने फोनवर लांबलचक काही लिहून पाठवलं तर उलट एक अंगठा यायचा. शांतता-अधिकाऱ्याच्या जोडीदारालाही सगळं सोडावं लागेल, ही अट वाचल्यावर तिने त्याच दुपारी अर्ज भरला.

मुकुलला पहिले दोन महिने जड गेले. त्याचा अंगठा रिकाम्या तळहातावर आपोआप फिरायचा. मग एके दिवशी निरोपघरातला माणूस आजारी पडला म्हणून तो चार दिवसांसाठी त्याच्या जागी गेला आणि तिथलाच झाला.

फोन गेल्यावर दरीने निरोप्ये नेमले होते. त्यांच्या पद्धतीत लिहायचं काहीच नव्हतं. पाठवणाऱ्याने निरोप तोंडी सांगायचा, निरोप्याने तो शब्दाला शब्द परत म्हणायचा, पाठवणाऱ्याने "बरोबर" म्हटलं की निघायचं. पोचल्यावर पदरचं काही न घालता जसाच्या तसा सांगायचा. पाठवणारा "मी" म्हणाला असेल तर निरोप्यानेही "मी"च म्हणायचं. तो "मी" त्याचा नसतो. आणि एकाचा निरोप दुसऱ्याजवळ उघडायचा नाही. घरातसुद्धा.

मुकुल या कामात असा रुळला की सोनटक्केबाईंनाही आश्चर्य वाटलं. चौदा-पंधरा निरोप तो डोक्यात घेऊन फिरायचा. कोण कुठे थांबलं, कोणी कुठला शब्द गिळला, ते सगळं त्याला लागायचं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे तो असा बघत बसायचा की बोलणारा दोन वाक्यांसाठी आलेला असला तरी दहा बोलून जायचा. लोक त्याला मुकुलभाऊ म्हणू लागले. तिला मॅडमच म्हणत राहिले. वाडीवर व्हॅन गेली की माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची, आणि मुकुल गेला की बसायला पोतं पसरायची.

तिने त्याला स्क्रीनपासून सोडवलं होतं. तिला वाटलं होतं, सुटलेला माणूस आपल्याकडे येईल. तो सातही वाड्यांमध्ये वाटला गेला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा ऐकून ऐकून दमलेला असायचा आणि कंदिलाच्या उजेडात गप्प बसायला त्याला आवडायचं. पुण्यात निदान तिला ठाऊक होतं की आपली सवत काचेची आहे.

बेलपाड्याच्या मालनचं नाव तिने पहिल्यांदा बसच्या थांब्यावर ऐकलं. दोन बायका बोलत होत्या की भाऊ रोज तिच्याकडे टेकतात, तेवढाच तिला आधार. मालन अडतीस-एकोणचाळीसची, विधवा, एकटी. त्या संध्याकाळी शर्वाणीने भाकरी वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारलं, बेलपाड्यात आज कोण काय म्हणालं.

"निरोप दुसऱ्याचा असतो, शर्वाणी."

"मग मी कोण?"

"घरात सगळं. त्या निरोपापुरती कोणी नाही," मुकुल म्हणाला. आवाज चढवला नाही, वर आमटी मागितली.

निरोपघराच्या दारावर एक पाटी असायची. कुठल्या वाडीतून किती निरोप आले-गेले, एवढाच आकडा त्यावर. बेलपाडा चार घरांचा. शर्वाणीने तीन आठवडे पाटी पाहिली. बहुतेक दिवशी बेलपाड्यापुढे शून्य असायचं. ज्या पाड्याला निरोपच नाहीत तिथे निरोप्या रोज कशाला जातो, हा प्रश्न एकदा मनात बसला आणि मग हलला नाही.

पुण्यात असती तर तो आंघोळीला गेल्यावर तिने त्याचा फोन उघडला असता, शेवटचं कधी बोलला ते पाहिलं असतं. इथे उघडण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते त्याच्या डोक्यात होतं, आणि तो दिवसाचे आठ तास दरीत कुठेतरी असायचा, तिच्या सगळ्या यंत्रांना अदृश्य. ज्या माणसाजवळ काहीच विद्युत् नाही तो तिच्या स्क्रीनवर उमटत नाही. हे घडवून आणायचा पगार तर तिला मिळत होता.

ते बटण, म्हणजे चिमुकला ट्रान्समीटर, तिने कपाटातल्या, अँटेनांच्याच लहरींवर चालणाऱ्या जुन्या चाचणीच्या सामानातून तयार केलं. तिला कामही अवघड नव्हतं. दरीच्या तीन कड्यांवर टेहळणीचे खांब होते, काचेच्या तारेने व्हॅनच्या थांब्याशी जोडलेले. बटणाची हाक तीन खांबांना किंचित मागेपुढे ऐकू येणार, त्या फरकावरून तीस मीटरच्या आत जागा कळणार. अडचण एकच होती. अशी हाक आली की खांबांवरचा इशारा वाजतो. पण इशारा कुठल्या पातळीला वाजावा ते ठरवलं होतं शर्वाणीनेच. तिने हाक एका लहरीवर न ठेवता तीन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरून टाकली. पाण्याच्या मोठ्या टाकीत चिमूटभर मीठ ढवळावं तशी. कुठल्याही एका थेंबात खारटपणा लागणार नाही. ढवळण्याचा क्रम ज्याला माहीत आहे त्यालाच ते मीठ पुन्हा गोळा करता येईल.

मुकुलच्या चपला गावच्या चांभाराने शिवलेल्या, टाचेला चामड्याचे चार थर. डाव्या टाचेची शिवण तिने आरीने उसवली, बटण आत ठेवलं आणि त्याच भोकांतून दोरा परत ओढला. तीन दिवसांत काढून टाकायचं, असं स्वतःला बजावलं.

पहिल्या दिवशी स्क्रीनवर तो हिरवा ठिपका चालू लागला तेव्हा तिला भूक लागली. कितीतरी दिवसांनी. ठिपका निरोपघरातून निघाला, वरच्या वाडीत सात मिनिटं, ओढ्यापाशी दोन, खालच्या वाडीत बावीस. तो कुठे आहे ते तिला माहीत होतं. दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी तो बेलपाड्याला पोचला, चार घरांतल्या शेवटच्या घरी, आणि चाळीस मिनिटं जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस. तिसऱ्या दिवशी चाळीस. चौथ्या दिवशी बटण काढायला तिने चप्पल हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

तेराव्या दिवशी ती व्हॅन ओढ्याअलीकडे ठेवून पायी बेलपाड्याला गेली. विचारलंच कोणी तर खांबाची तार तपासायला आले म्हणायचं, असं ठरवून. मालनच्या घरामागे करवंदीची जाळी होती. जाळीच्या अलीकडूनच तिला मुकुलचा आवाज आला. घरात तो वापरत नाही असा आवाज, सैल आणि खेळकर.

"मालन, जेवलीस का? का परत शेंगदाण्यावर भागवलंस? इथं करमत नाही गं तुझ्याशिवाय. शनिवारी येतोच. तोवर तब्येतीला जप, आणि ते वरचं पातेलं एकटी काढू नको."

मालन हसली. हसता हसता नाक ओढल्याचा आवाज आला. मग मुकुल पुन्हा काहीतरी म्हणाला, आणखी हळू.

शर्वाणी परत फिरली. ओढ्यापर्यंत किती पावलं झाली ते ती मोजत होती, कारण मोजलं नसतं तर ती पळाली असती. इथं करमत नाही, म्हणजे कुठे? आपल्या घरात. शनिवारी येतो, आणि रोज तर जातोच आहे. वाक्यं जुळत नव्हती, पण जुळवत बसायला तिला सवड नव्हती. त्या संध्याकाळी मुकुल आला, पाय धुतले, चपला उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या. ती चुलीशी जाऊन भाकरी थापायला बसली. आता बटण काढायचं नाही, एवढं मात्र तिने पक्कं केलं. पुरावा पूर्ण होऊ दे.

पुरावा जमत गेला. एकोणिसाव्या दिवशी ठिपका ज्वारीच्या शेतात शिरला आणि एक तास दहा मिनिटं तिथेच घुटमळला. नोंदवहीतल्या त्या एका ओळीपायी ती तीन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. त्याने बरं नाही का विचारलं. ती हो म्हणाली.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी सोनटक्केबाईंनी तिला तळघरात बोलावलं. बाई एरवी चहाचा एकच कप घेत, त्या दिवशी टेबलावर दोन रिकामे होते. त्यांनी आलेखाचा कागद तिच्यापुढे सरकवला. अठ्ठ्याहत्तरच्या आसपास सगळ्यांनी खड्डा शोधला होता, आणि तिथे खड्ड्याच्या जागी उंचवटा होता. सहा शतांश केल्विन. रुंदी तीन मेगाहर्ट्झ. गेल्या सहा आठवड्यांत तो दिसामासाने ठळक होत आला होता.

बाई नेहमीच्याच कोरड्या आवाजात बोलत होत्या, पण चष्मा दोनदा काढून दोनदा घातला. खड्डा नसून उंचवटा असेल, तर पहिल्या ताऱ्यांबद्दल आपण जे धरून चाललो ते सगळं पुन्हा लिहावं लागेल, असं त्या म्हणाल्या. दिवसाच्या कुठल्या तासाला तो किती येतो अशी तासवार वाटणी करून बघायला अजून दोन महिन्यांची मोजमापं हवीत, पण दुसऱ्या वेधशाळा तोवर थांबणार नाहीत.

"तुझ्या बाजूने स्वच्छ आहे ना?" त्यांनी विचारलं. "तुझी सही झाली की शोधनिबंध पाठवते."

शर्वाणीने उद्या सांगते म्हटलं.

व्हॅनमध्ये बसून तिने जे हिशेब केले ते खरं म्हणजे तिला आधीच माहीत होते. इशाऱ्याची पातळी ठरवली होती ती एका सेकंदाच्या मोजमापासाठी. दुर्बीण सेकंदावर थांबत नाही, ती आटवते. टाकीभर पाण्यात न लागणारं मीठ टाकी आटल्यावर तळाशी पांढरं उरणारच. तीन दिवसांचं उरलं नसतं. एक्केचाळीस दिवसांचं उरलं. बेलपाडा दरीच्या पूर्व उतारावर, तिथून अँटेना थेट दिसतात. रोज चार ते पावणेपाच बटण नेमकं त्यांच्या तोंडासमोर होतं.

करण्यासारख्या गोष्टी दोनच होत्या. बटण काढून ओढ्यात टाकायचं आणि सही करायची. मग उंचवटा हळूहळू विरत जाईल, का विरला याच्या मागे बाई उरलेली नोकरी घालवतील, आणि कोणाला काही कळणार नाही. किंवा सांगायचं. दरीत उपकरण आणणाऱ्याला दरी सोडावी लागते, हे कलम तिनेच वाड्यावाड्यांत वाचून दाखवलं होतं. ती गेली की मुकुल इथे, बेलपाड्यापासून अडीच किलोमीटरवर. सगळा गुंता येऊन तिथेच थांबत होता. खरं बोलायचं तर नवरा त्या बाईच्या पदरात टाकून जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुल निरोपघराकडे निघाला तेव्हा ती दारात उभी राहिली. स्वतः गेली असती तर वेधशाळा चालतही तासाभराच्याच अंतरावर होती. तिने म्हटलं, निरोप द्यायचा आहे. सोनटक्के मॅडमना.

तो निरोप्या झाल्यापासून तिने त्याला एकदाही निरोप दिला नव्हता. तो उंबऱ्यावर बसला आणि तिच्या तोंडाकडे बघू लागला. सगळ्या वाड्यांना मिळणारं ते बघणं तिच्या वाट्याला आत्ता आलं.

तिने सांगितलं. त्याने उंबऱ्याशी ठेवलेल्या चपलांकडे एकदा बघितलं. मग पद्धतीप्रमाणे त्याने परत म्हणायला सुरुवात केली.

"सोनटक्के मॅडम, अठ्ठ्याहत्तरवरचा उंचवटा आकाशातला नाही. तो माझ्यामुळे आहे. एक्केचाळीस दिवसांपूर्वी मी माझ्या नवऱ्याच्या चपलेच्या टाचेत ट्रान्समीटर शिवला. तो कुठे जातो ते मला बघायचं होतं. मी सही करू शकत नाही."

"डाव्या राहिलं," शर्वाणी म्हणाली. "डाव्या चपलेच्या."

निरोप चुकला तर पहिल्यापासून म्हणायचा असतो. त्याने पहिल्यापासून म्हटला. या वेळी "माझ्या नवऱ्याच्या" पाशी तो थांबला, कारण तीही तिथे थांबली होती.

"बरोबर," ती म्हणाली.

"उत्तर आणायचं आहे?"

"हो."

त्याने चपला पायात घातल्या नाहीत. दोन्ही एका हातात धरून तो अनवाणी पायवाटेला लागला. व्हॅन दारातच होती. आत जाऊन ठिपका बघता आला असता. तिचा हात दोनदा व्हॅनच्या दारापर्यंत गेला आणि दोनदा मागे आला.

तो साडेतीन तासांनी परतला. पोटरीपर्यंत धूळ. उंबऱ्याबाहेरच उभं राहून त्याने निरोप सांगितला, सोनटक्केबाईंच्या कोरडेपणासकट: "नोंदी घेऊन ये. सगळ्या. एकही ओळ गाळू नकोस."

बाई चिडल्या असतील तर ते त्यांनी दाखवलं नाही. एक्केचाळीस दिवस फेकून द्यायची त्यांची तयारी नव्हती. बटण कुठल्या मिनिटाला कुठे होतं हे कळलं तर त्याचा वाटा काढून वजा करता येईल, आणि ते फक्त शर्वाणीच्या नोंदीत होतं. पण जागा कळून भागत नव्हतं. बटण भिंतीच्या आत होतं की बाहेर, हेही हवं होतं. दगडी भिंत लहर चारात एक एवढीच बाहेर सोडते.

तर तळघरात टेबलाच्या एका बाजूला शर्वाणी, समोर मुकुल, मध्ये बाई. शर्वाणीने ओळ वाचायची, मुकुलने बरोबर किंवा चूक म्हणायचं, बाईंनी विचारायचं: आत की बाहेर? सहाशे बारा ओळी होत्या. मत्सराने भरलेलं पान न्‌ पान तिला मोठ्याने वाचावं लागत होतं. वाचताना ते दुर्बिणीच्या देखभालीच्या वहीसारखं लागत होतं.

"एकोणिसावा दिवस. अकरा वीस ते बारा तीस, ज्वारीचं शेत."

"चूक," मुकुल म्हणाला. "मी खालच्या वाडीत जेवायला बसलो होतो. कुत्र्याने चप्पल पळवली होती."

बाईंनी त्या ओळीपुढे "कुत्रा, बाहेर" असं लिहिलं.

बेलपाड्याच्या ओळी सदतीस होत्या. पहिलीला मुकुल म्हणाला, बरोबर, बाहेर. दुसरीला तेच. पाचवीला बाईंनी पेन खाली ठेवलं. उंचवट्यातला सगळ्यात मोठा भाग इथून आलेला, आणि एका माणसाच्या सांगण्यावर त्या एवढा मोठा आकडा धरणार नव्हत्या. घरातल्या बाईला बोलवा, त्या म्हणाल्या.

मालन दुसऱ्या दिवशी बसने आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला. खुर्चीच्या कडेवर बसली. बाईंनी विचारलं तेवढंच ऐकलं आणि लगेच उत्तर दिलं.

"भायेर. वट्यावर. घरात भाऊंनी कधी पाऊल न्हाई टाकलं."

"सदतीसही दिवस?"

"पाऊस न्हवता, मग आत कशाला?"

बाईंच्या दृष्टीने काम संपलं होतं. शर्वाणीच्या दृष्टीने नव्हतं. तिने विचारलं, रोज चाळीस मिनिटं काय चालायचं. मुकुल म्हणाला, ते सांगायचं नसतं. मालनने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, माझं हाय, मी सांगते.

"माझा फोन तुमीच नेला न्हवं, मॅडम. आमच्या मालकांचं बोलणं हुतं त्याच्यात. सुरतेला डायवर हुते, तिकडनं बोलून पाठवायचे. तेवीस हुती. ते गेल्यावर तेवढंच ऱ्हायलं. पयल्यांदा मी दर आयतवारी दरीभायेर नाक्यावर, तुमी फोन ठिवलेत तिथं, जाऊन ऐकायची. भाऊ टपाल आणायला तिथं यायचे, त्यांच्याबी कानावर पडायचं. मग बॅटरी फुगली न्‌ फोन मेला. आता भाऊ सांगतात. एकाखाली एक, तेवीसच्या तेवीस. मधी ते खोकायचे, तर भाऊ खोकतातसुदीक."

बाईंनी चष्मा पुसला. शर्वाणीला सगळं एका क्षणात जुळलं: करमत नाही, शनिवारी येतो, वरचं पातेलं. तो "मी" मुकुलचा नव्हता.

आता हलकं वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. हलकं वाटलं नाही. प्रेमप्रकरण असतं तर निदान राग धरता आला असता. पुण्यातल्या चार वर्षांत तिने त्याला किती काय लिहून पाठवलं, त्यातलं एक वाक्य त्याला आठवत असेल का? आणि एका मेलेल्या ड्रायव्हरचा खोकला त्याने पाठ केला होता. समोर बसलेल्या त्या बाईचा तिला कालपेक्षा जास्त हेवा वाटत होता, आणि आता त्याला कारणही उरलं नव्हतं.

मालन निघताना म्हणाली, मॅडम, तुमचा माणूस लई गुणाचा. शर्वाणीने मान हलवली.

उरलेल्या ओळी संध्याकाळपर्यंत चालल्या. बरोबर, बाहेर. बरोबर, आत. शेवटची ओळ झाल्यावर बाई आकडे घेऊन पलीकडच्या खोलीत गेल्या. शर्वाणी आणि मुकुल टेबलाशी राहिले. करारातलं कलम दोघांनाही पाठ होतं. शनिवारच्या बसने तिला नाक्यापर्यंत जायचं होतं.

"मला विचारलं असतंस, तर सांगितलं नसतं," मुकुल म्हणाला. "पण तुला घेऊन गेलो असतो. बसली असतीस तू पण ओट्यावर."

"तू येणार आहेस?"

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. पूर्ण बघणं, वाड्यांवरचं. मग म्हणाला की बस नको, नाक्यापर्यंत सोडायला येईन, चालत. नवा निरोप्या तयार व्हायला दोन-तीन महिने लागतील, आणि ते तेवीस कोणाला तरी शिकवावे लागतील. त्यानंतरचं तो बोलला नाही.

शुक्रवारी दुपारी सोनटक्केबाईंनी कागद आणून टेबलावर ठेवला. एकूण मोजमाप नऊशे चौऱ्याऐंशी तास. मूळ उंचवटा ०.०६० केल्विन. बटणाचा वाटा वजा केल्यावर अठ्ठ्याहत्तर मेगाहर्ट्झवर शिल्लक ०.००४ केल्विन, अनिश्चितता अधिक-उणे ०.०११, म्हणजे उंचवटा नाही, खड्डाही नाही.